साखरेच्या पोत्याहून हलका उपग्रह



लागण किती, खोडवा किती, कोणत्या शिवारात पिकानं मान टाकली, हे कळायला आपल्याकडे चिटबॉयची वही आणि बांधावरची फेरी. हेच काम आभाळातून करता येईल का, या प्रश्नाला आपल्या देशानं हात घातला त्याला अर्धशतक उलटून गेलं.

सुरुवात झाली नारळापासून. केरळात नारळाच्या बागांना मुळांचा रोग लागला होता. १९७० साली प्रा. पिशारोटी व सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून त्या बागांचे अवरक्त फिल्मवर फोटो घेतले. निरोगी हिरवं पान डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवतं, रोगट पान कमी. त्यामुळे आजारी झाडं फोटोत वेगळी उठून दिसली.

मग ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून ‘भास्कर-१’ गेला. वजन सुमारे ४४० किलो. १७ एप्रिल १९८३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच रॉकेटनं ‘रोहिणी’ मालिकेतला उपग्रह नेला, तो अवघा ४१.५ किलोचा. म्हणजे ५० किलोच्या साखरेच्या पोत्याहूनही हलका! पण पाणी, झाडोरा, उघडी जमीन आणि ढग यांतला फरक ओळखण्यासाठी त्याच्यावर कॅमेरा होता. १९८८ साली ‘आयआरएस-१ए’ गेला. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे १३ गुंठे. गुंठ्या-दोन गुंठ्यांचा तुकडा त्यात कसा दिसणार? पुढचे कॅमेरे याहून बारीक पाहू लागले.

लहान उपग्रहाला मोठं रॉकेट लावणं म्हणजे दोन मोळ्यांसाठी अख्खा ट्रक जुंपणं. म्हणून ‘इस्रो’नं एसएसएलव्ही हे लहान रॉकेट तयार केलं. ७ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं पहिलं उड्डाण फसलं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर हादरे बसले, ते पाहून यंत्रणेनं चांगल्याच संवेदकांना बिघडलेलं ठरवलं, आणि उपग्रह योग्य कक्षेत पोचले नाहीत. त्यांत देशभरच्या ७५ शाळांतल्या मुलींनी हातभार लावलेला एक उपग्रह होता, तोही गेला. कारण शोधून दुरुस्ती केली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरं उड्डाण यशस्वी झालं.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी याच रॉकेटनं १७५.५ किलोचा ‘ईओएस-०८’ सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवर सोडला. रात्रंदिवस चालणारा अवरक्त कॅमेरा त्याच्यावर बसवला होता. शिवाय दिशादर्शक उपग्रहांचे जमिनीवरून परतणारे संदेश टिपून मातीतल्या ओलाव्याचा अंदाज घेण्याचं उपकरणही होतं. पाण्याची पाळी कधी द्यायची, हा आपला रोजचा प्रश्न. तेव्हा या प्रयोगाचं मोल आपल्याला सांगायला नको.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पीक पिवळं पडलंय, एवढं आभाळातून दिसेल. ते हुमणीनं, की पाणी तुंबल्यानं, हे रानात उतरून मूळ उपटल्याशिवाय कळत नाही. तसंच, ऊस कोणत्या जातीचा आणि कधी लावलेला, हे माहीत असलेली काही शेतं हाताशी असतील तरच त्यांच्याशी ताडून बाकीच्या शेतांचा फोटो वाचता येतो. नोंदीत लागणीची तारीख महिनाभर पुढं-मागं सांगितली, तर फोटोचा अर्थही चुकणार, आणि तोडणीचा क्रमही.

तेव्हा नोंद देताना गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची खरी तारीख द्यावी, ही विनंती. आभाळातला डोळा कितीही तीक्ष्ण झाला तरी त्याला खरं-खोटं सांगणारे आपणच आहोत.