निवासी डॉक्टरांचे कार्यसमाधान व मनःस्वास्थ्य

जो आपल्या कामात समाधानी, तो मनानेही स्वस्थ, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. रुग्णालयांतील कनिष्ठ निवासी डॉक्टरांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या संदर्भात फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांचे १९५९ मधील विवेचन उद्बोधक आहे. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून त्यांनी असे प्रतिपादिले की, समाधान व असमाधान ही एकाच मापपट्टीची दोन टोके नव्हेत. यश, मान्यता, जबाबदारी व प्रत्यक्ष काम यांतून समाधान उद्भवते. असमाधानाचे मूळ मात्र वेतन, देखरेख, प्रशासकीय धोरण व कामाची परिस्थिती यांत असते. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो व दोष परिस्थितीला देतो, त्यामुळेच असे निष्कर्ष निघतात, असा आक्षेप या सिद्धान्तावर घेतला गेला आहे. तथापि प्रस्तुत विषयात हा भेद उपयोगी पडतो. अत्यवस्थ रुग्ण वाचल्याचा आनंद आणि लागोपाठच्या रात्रींचे जागरण ही एकाच डॉक्टरच्या वाट्यास येतात. परंतु पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मापिकेतही भावनिक थकवा, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयीचा कोरडेपणा आणि कर्तृत्वभावनेचा ऱ्हास ही शिणाची तीन अंगे स्वतंत्रपणे मोजली जातात. म्हणजेच कर्तृत्वाची जाणीव शाबूत असतानाही मनुष्य आतून थकलेला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या शिणाची गणना आजारात न करता व्यवसायाशी निगडित घटनेत केली आहे, हेही लक्षणीय होय.

कारण व्यवसायात असेल तर उपायही तेथेच शोधला पाहिजे. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेने कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी सामान्यतः आठवड्यास ४८ तास व सलग १२ तासांची मर्यादा सांगितली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आकडा न देता केवळ ‘वाजवी’ तास असा शब्दप्रयोग आला. आणि २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्यास ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. बत्तीस वर्षांत सुधारणेचा आकडाच ४८ वरून ७४ वर गेला, यावरून प्रत्यक्ष स्थितीची कल्पना यावी.

म्हणून ‘आपण कामात समाधानी आहात काय?’ या एका प्रश्नावर विसंबणारे संशोधन अपुरे ठरेल. त्याच्या जोडीस झोपेचे व कामाचे तास नोंदविले पाहिजेत. अन्यथा डॉक्टरांची सेवानिष्ठा हाच त्यांच्या स्वास्थ्याचा पुरावा मानला जाईल, आणि प्रशासनाची जबाबदारी त्यांच्या सहनशक्तीवर ढकलली जाईल.