वेनलॉक बुद्रुकच्या धाववाटा

आज मी आपल्याला एका गावाभोवती धावावयास नेणार आहे. खुर्चीवरून उठण्याचे कारण नाही. धावण्याचे श्रम माझ्या शब्दांनी करावयाचे आहेत. मात्र गाव दूरचे आहे. इंग्लंडच्या पश्चिम अंगाला, वेल्सच्या सरहद्दीकडे, श्रॉपशर नावाचा शेतीप्रधान परगणा आहे. त्यातील मच वेनलॉक हे ते गाव. यातील ‘मच’चा अर्थ थोरले. काही मैलांवर लिटल वेनलॉक, म्हणजे धाकटे वेनलॉक, आहेच. आपण त्यांना खुशाल वेनलॉक बुद्रुक आणि वेनलॉक खुर्द म्हणावे. भाषांतरात काहीही बिघडणार नाही.

बुद्रुक म्हटले तरी वस्ती अवघी तीन हजारांच्या आसपास. सातव्या शतकाच्या अखेरीस येथे एक मठ स्थापन झाला. त्याची मिलबर्गा नावाची मठाधिपती पुढे संतपदाला पोहोचली आणि तिच्या समाधीच्या दर्शनाला यात्रेकरू येऊ लागले. १५४० साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ मोडला. त्याच्या उंच, बिनछपरी भिंती अजून गवतात उभ्या आहेत. गावातील लाकडी खांबांवर तोललेले नगरसभेचे घरही त्याच १५४० सालचे. त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत बाजार भरे आणि गुन्हेगाराला ज्या खांबाला बांधून फटके मारीत, तो खांबही तेथेच आहे. आपण निघावयाचे ते येथूनच.

पहिली वाट अगदी लहान आहे, सुमारे २१०० मीटरची. तिला ऑलिंपियन वाट म्हणतात. रस्त्यात, फरसबंदीत, गवताच्या कडेला काशाच्या चकत्या बसविल्या आहेत. त्या पाहत जावे आणि वाट आपोआप सापडावी अशी योजना आहे. सरावलेला धावणारा ही वाट दहा मिनिटांत संपवील. पण या वाटेवर घाई करणाऱ्याला फारसे काही मिळत नाही. ती लिंडन फील्ड नावाच्या मैदानावर येते. लिंडन हे एका वृक्षाचे नाव. इंग्रज त्यालाच लाइम म्हणतात, पण आपल्या लिंबाशी त्याचे काही नाते नाही. या वृक्षांची एक दुहेरी रांग मैदानाकडे जाते. बाजूला पवनचक्कीची टेकडी आहे. तिच्यावरील चक्कीची पाती केव्हाच गेली, नुसता दगडी बुरूज राहिला आहे. मैदानात शर्यती चालत आणि टेकडीच्या उतारावर बसून गावकरी त्या पाहत. निसर्गाने फुकट बांधून दिलेले प्रेक्षागृहच ते.

या शर्यती कोणी सुरू केल्या? गावच्या डॉक्टराने. विल्यम पेनी ब्रूक्स यांचा जन्म याच गावात १८०९ साली झाला आणि वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते परत येथेच आले. शेतमजूर, खाणकामगार, कारागीर हे त्यांचे रोगी. दिवसभराचे कष्ट आणि संध्याकाळी गुत्ता, याखेरीज या माणसांच्या आयुष्यात काही नाही, हे ते पाहत होते. १८४१ साली त्यांनी गावकऱ्यांसाठी वाचनालय काढले. आणि १८५० साली त्याला जोडून एक ‘ऑलिंपियन वर्ग’ काढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिले खेळ झाले. क्रिकेट, फुटबॉल, उड्या आणि धावणे हे तर होतेच. पण लंगडीची शर्यत होती, पुढे डोळे बांधून हातगाडी ढकलण्याची शर्यत आली, आणि म्हाताऱ्या बायकांच्या शर्यतीला बक्षीस म्हणून एक पौंड चहा ठेवला होता. ग्रीसच्या प्राचीन खेळांचे नाव आणि त्याखाली गावजत्रेचा हा थाट! शहरातील विद्वान हसले असतील तर नवल नाही. मला मात्र त्या चहाच्या पुड्यातच ब्रूक्सांचा सारा विचार दिसतो. धावणे हे कोणा एका वर्गाचे वतन नव्हे. ज्याला पाय आहेत त्याचे ते आहे.

हा विचार आज सोपा वाटतो. त्या काळी तो भांडणाचा होता. १८६५ साली ब्रूक्सांनी इतरांच्या साहाय्याने राष्ट्रीय ऑलिंपियन संघटना काढली आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर तिचे खेळ भरविले. तेथे अडथळ्यांची शर्यत जिंकणारा अठरा वर्षांचा तरुण पुढे क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस म्हणून जगाला ठाऊक झाला. पण त्याच सुमारास लंडनमध्ये सभ्य गृहस्थांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला. यंत्रकाम करणारा, कारागीर किंवा मजूर यांना हौशी खेळाडू म्हणता येणार नाही, असे त्या क्लबाच्या नियमांत आले. म्हणजे ज्याचे पाय दिवसभर राबतात, त्याने संध्याकाळी शर्यतीत उतरावयाचे नाही! ब्रूक्सांच्या खेळांची दारे सर्व थरांतील माणसांना उघडी होती, आणि या एका मुद्द्यावर त्यांनी माघार घेतली नाही. १८८० साली नवी राष्ट्रीय ॲथलेटिक संघटना स्थापन झाली तेव्हा ती अट सुटली.

१८९० साली एक तरुण फ्रेंच उमराव, पिएर द कूबेर्तां, या गावी पाहुणा म्हणून आला. त्याच्या सन्मानार्थ खेळ झाले, त्याच्या हस्ते मैदानावर एक ओकचे रोप लावविले गेले. त्या वेळी ब्रूक्स एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि कूबेर्तां सत्तावीस वर्षांचा. सर्व राष्ट्रांचे ऑलिंपिक अथेन्सला भरावे, असे म्हातारा कित्येक वर्षे म्हणत होता. तरुणाने १८९४ साली पॅरिसला परिषद बोलाविली आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये अथेन्सचे खेळ झाले. ब्रूक्स डिसेंबर १८९५ मध्ये वारले होते. चार महिने कमी पडले.

येथे आपल्या मुलखातील एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा पाहत होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुले, पायात काही नाही, शास्त्रोक्त शिक्षणाचा गंध नाही. पण त्यांच्या वेळा युरोपातील वेळांशी ताडून पाहाव्या अशा. दोराबजींनी खटपट केली आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे छोटे पथक गेले. त्यातील बेळगावकडचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. लंडनच्या त्या जुन्या क्लबाचा नियम तसाच टिकला असता, तर शेतकऱ्याच्या या पोराला पट्ट्यापाशीही उभे केले नसते.

आता दुसरी वाट. ही लांब आहे, चढाची आहे आणि खरी धावण्याची आहे. गावाच्या पश्चिमेला वेनलॉक एज नावाची डोंगराची लांबच लांब धार आहे. ती पंधरा मैलांहून अधिक पसरली आहे. एका बाजूने सरळ कडा, दुसरीकडे मंद उतार. सगळी चुनखडी. ४२ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला उथळ, उबदार समुद्राखाली होता आणि ही धार म्हणजे त्या समुद्रातील प्रवाळांची घरे. या खडकांवरून भूशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातील एका कालखंडालाच वेनलॉक हे नाव दिले आहे.

गावातून धारेवर चढणारी एक वाट जमिनीत खोल गेलेली आहे; दोन्ही बाजूंना बांध आणि झाडी, मध्ये घळीसारखा मार्ग. कोणी ती खणली नाही. माणसांच्या पायांनी, गुरांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी शतकानुशतके झिजून ती खाली गेली आहे. वर आले की वाटेच्या कडेला जुन्या खाणी दिसतात. १७०९ साली जवळच्या कोलब्रुकडेल येथे एब्राहम डार्बीने कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले. पुढे त्या खोऱ्यातील भट्ट्यांना चुनखडी लागे, ती या धारेवरून जाई. तोच माल वाहणारी आगगाडी गावात आली आणि गेलीही. १९६२ साली उतारूंची शेवटची गाडी सुटली. धारेजवळून गेलेल्या लोहमार्गाचे रूळ उचलले गेले आणि त्याच्या काही भागावर आता पायवाट आहे. धावणाऱ्याला ही वाट फार मानवते, कारण आगगाडीला चढ सोसत नाही.

याच कड्यावर एक जागा आहे, मेजरची उडी. सतराव्या शतकातील यादवीत राजाच्या बाजूचा मेजर स्मॉलमन शत्रू पाठीवर घेऊन येथे आला आणि त्याने घोड्यासह उडी टाकली. झाडामुळे स्वार वाचला, घोडा मेला, असे सांगतात. अशा कथा आपल्या किल्ल्यांवरही ऐकावयास मिळतात आणि तेथेही घोड्याचाच बळी जातो.

धार उतरली की वाट खाजगी शेतांतून जाते. येथे आपल्या मनात शंका येते : दुसऱ्याच्या शेतातून धावावयाचे कसे? पण इंग्लंडात पायवाटेचा हक्क हा वहिवाटीचा हक्क आहे. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि अडवणूक न होता जात राहिले, तर ती सार्वजनिक ठरू शकते. १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदविण्याचे काम स्थानिक परिषदांवर सोपविले. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्याची वाट, निळा म्हणजे घोडेस्वारालाही मोकळी. पेरणीसाठी शेतकऱ्याने वाट नांगरली तर ती पुन्हा सारखी करून देणे त्याच्यावर बंधनकारक. आपल्याकडील पाणंदी बांधांच्या पोटात कशा नाहीशा होतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बाणांचे मोल निराळे सांगावयास नको. धावणाऱ्याने मात्र फाटक उघडले तर लावून घ्यावे, आणि मेंढ्या दिसल्या की चालू लागावे. विशेषतः कोकरांच्या दिवसांत.

वसंतात धारेवरच्या झाडीत रानलसणीचा वास इतका दाटतो की धाप लागलेल्याला तो जेवणासारखा लागतो. हिवाळ्यात ओली चुनखडी साबणासारखी होते. तेव्हा नवख्याने जुना लोहमार्गच धरावा आणि कड्याची वाट उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी. जुलैत गावचे ऑलिंपियन खेळ अजून भरतात. १९९४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच येथे आले होते आणि त्यांनी ब्रूक्सांच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहिले.

ते थडगे पाहण्यासाठी वाकडी वाट करावी लागत नाही. खोल वाटेने उतरून आपण गावात आलो, की विल्मोर रस्त्यावर ब्रूक्सांचे घर लागते आणि तेथून थोड्याच पावलांवर चर्चचे आवार. जन्मभर लोकांना धावावयास लावणारा हा माणूस घरापासून इतक्या जवळ निजला आहे. तेथून नगरसभेचे घर दिसते. आपण निघालो तो फटक्यांचा खांब तेथेच आहे. त्याला हात लावावा आणि घड्याळ पाहावे.