माशांतील प्रतिकारपेशींचे उद्दीपन

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेस कऱ्हाड येथे कोयना व सांगलीनजीक हरिपूर येथे वारणा मिळते. या पाण्यात वाढणाऱ्या कटला, मृगळ, मरळ आदी माशांच्या त्वचेस व कल्ल्यांस जंतूंचा स्पर्श अखंड होत असतो. तथापि बहुसंख्य मासे निरोगीच राहतात. जंतूंचे अस्तित्व आणि रोगाचा उद्भव यांत जे अंतर आहे, ते पुष्कळ अंशी प्रतिकारपेशी वेळेवर उद्दीपित होण्यावर अवलंबून असते.

माशांच्या अस्थींत रक्तजनक मज्जा नसते आणि सस्तन प्राण्यांसारख्या लसीकाग्रंथीही नसतात. मज्जेचे कार्य अग्रवृक्क करतो. नावाने हा वृक्क खरा. परंतु बहुतेक प्रौढ अस्थिमत्स्यांत मूत्रोत्सर्गाशी त्याचा संबंध उरत नाही. मृगळाच्या विच्छेदनात कल्ल्यांच्या मागे, कण्याच्या खाली जे गडद तांबडे ऊतक दिसते ते हेच होय. रक्ताची गुठळी समजून ते पुसून टाकण्याचा मोह विद्यार्थ्याने आवरला पाहिजे.

भक्षिपेशी परकीय वस्तूस वेढतात, हे मेचनिकॉफ याने १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या डिंभात गुलाबाचा काटा खुपसून पाहिले. त्या पेशीस जाग कशी येते, हा प्रश्न मात्र पुढे दीर्घकाळ अनुत्तरित होता. एरोमोनास हायड्रोफिला या जलजन्य जंतूचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कशाभिकेतील प्रथिन महाभक्षिपेशीच्या पृष्ठावरील ‘टोल’सदृश पाचव्या ग्राहीस चिकटते. काही माशांत या ग्राहीचे विद्राव्य रूपही आढळते. सस्तन प्राण्यांत ते नाही. ग्राहीकडून निघालेला संदेश पेशीद्रव्यातील प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकात पोहोचतो व दाहजनक द्रव्यांची जनुके कार्यान्वित होतात. त्यात लसीकापेशींनी स्रवलेल्या गॅमा इंटरफेरॉनची भर पडली, म्हणजे उद्दीपन पूर्णत्वास जाते. मग पेशीपटलातील ऑक्सिडेझ विकर ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड निर्माण करते. नायट्रोब्लू टेट्राझोलियम हे पिवळसर रंजकद्रव्य अशा पेशींत निळे होते. साध्या प्रयोगशाळेतही ही परीक्षा करता येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ऑक्सिजनवर मासा जगतो, तोच त्याच्या भक्षिपेशीचे शस्त्रही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आढळला होता. पाण्यातील ऑक्सिजन एकाएकी घटल्यास मासा प्रथम गुदमरतो; प्रतिकारशक्तीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो उद्भवतो वाचलेल्या माशांत. ताणामुळे त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते, दाहजनक जनुकांचे कार्य मंदावते, आणि एरवी निरुपद्रवी ठरणारा जंतू व्रण पाडू लागतो.

थंडीचाही असाच परिणाम होतो. भारतात १९८८ मध्ये प्रथम आढळलेला साथीचा व्रणरोग ॲफॅनोमायसिस इनव्हेडन्स या कवकसदृश जीवामुळे होतो. पाण्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सियस असता त्याचा जोर अधिक असतो. शीतरक्ती माशाच्या पेशी, विशेषतः टी-लसीकापेशी, गारठ्यात सावकाश जागतात. तोवर तंतू स्नायूंत खोल शिरलेले असतात. मरळ या रोगास सहज बळी पडतो. सायप्रिनस मात्र सहसा तगतो, कारण त्याच्या दाहपेशी तंतूंना त्वचेलगतच वेढून कोंडतात.