सूर्यनारायणाच्या प्रभामंडलाचा वेध

आज माघ शुद्ध सप्तमी. आज घरोघरी पाटावर रक्तचंदनाने सात अश्वांच्या रथात आरूढ झालेल्या सूर्यनारायणाची प्रतिमा रेखाटली जाईल. तुळशीवृंदावनापाशी गोवऱ्या पेटवून बोळक्यातले दूध उतू जाईपर्यंत तापविले जाईल आणि संक्रांतीपासून चालत आलेल्या हळदीकुंकवाची सांगता होईल. ज्याच्या दर्शनासाठी देवळाची पायरी चढावी लागत नाही, असा हा प्रत्यक्ष देव. परंतु त्याच्या प्रत्यक्षपणातही एक गूढ आहे. तो अवघे जग दाखवितो; स्वतःकडे मात्र पाहू देत नाही. त्याच्या बिंबाकडे टक लावून पाहणाऱ्याची दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

शास्त्रज्ञांचीही अडचण हीच होती. सूर्यबिंबाभोवती अतिविरळ, अतितप्त वायूचे एक विशाल प्रभामंडल आहे. त्याचे तेज बिंबाच्या तेजाच्या सुमारे दहा लाखांश. भर दुपारी मशालीपुढे काजवा दिसू नये, तसे ते एरवी दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्राने बिंब पूर्ण झाकले की तेवढ्यापुरते ते प्रकट होते. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातील जेऊर येथे असे ग्रहण दिसले. पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे दुर्बिणी मांडल्या होत्या. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही साता समुद्रांपलीकडून आले होते. कशासाठी? तर जेमतेम दोन मिनिटांच्या दर्शनासाठी!

त्या मंडलात दडलेले कोडेही तसेच विलक्षण आहे. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. प्रभामंडलाचे मात्र दहा लाख अंशांहून अधिक. चुलीपासून दूर सरावे तशी धग कमी व्हावयास हवी. येथे ती वाढते. असे का व्हावे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

ते शोधण्यासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताचे 'आदित्य-एल १' हे यान निघाले. अदितीपुत्राचे नाव धारण करणाऱ्या या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी या होत. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर एक बिंदू आहे. तेथे सूर्य व पृथ्वी यांच्या आकर्षणाचा असा मेळ बसतो की, थोड्या इंधनावर यान पृथ्वीच्या बरोबरीनेच सूर्याभोवती फिरत राहते. ६ जानेवारी २०२४ रोजी 'आदित्य' त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. तेथे रात्र नाही, की सूर्याआड येणारा ढग नाही.

यानावर सात उपकरणे आहेत. सूर्यरथाच्या सात अश्वांशी जुळणारी ही संख्या योगायोगाची असली, तरी भाविकास ती सुखावेल. चार उपकरणे सूर्याकडे दृष्टी लावून आहेत. तीन तेथवर पोहोचणारे सौरकण व चुंबकीय क्षेत्र मोजतात. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दुर्बीण सूर्यबिंब आतल्या आत झाकून प्रभामंडल तेवढे न्याहाळते. पूर्वी ज्या ग्रहणाची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ते तिने जणू नित्याचे केले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेने घडविलेली दुर्बीण सूर्याची अतिनील किरणांतील छायाचित्रे घेते. या किरणांतील बराच भाग ओझोनचा थर अडवीत असल्याने जमिनीवरून ती घेता येत नाहीत.

अमेरिकेच्या 'पार्कर' यानाने तर त्याहूनही धाडस केले. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याचे भाकीत १९५८ साली करणारे यूजीन पार्कर यांचे नाव त्यास दिले आहे. १२ ऑगस्ट २०१८ रोजी आपल्याच नावाचे यान झेपावताना त्यांनी स्वतः पाहिले. २०२२ साली ते निवर्तले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते यान सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले. सुमारे साडेअकरा सेंटिमीटर जाडीच्या कार्बनच्या ढालीआड त्याची उपकरणे सुरक्षित राहिली.

हा सारा खटाटोप केवळ जिज्ञासेपोटी नव्हे. बोळक्यातले दूध उतू जाणे आपण शुभ मानतो. पण सूर्य 'उतू जातो' तेव्हा सावध राहावे लागते. प्रभामंडलातून कधीकधी अब्जावधी टन तप्त द्रव्य उसळते आणि ते पृथ्वीच्या रोखाने आले, तर एक ते तीन दिवसांत येऊन धडकते. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास गेली. साठ लाख लोक अंधारात बसले. मे २०२४ मधील वादळात लडाखच्या आकाशात तांबडी प्रभा दिसली. आपले दूरध्वनी, हवामानाचे अंदाज, विमानांचे मार्ग आज उपग्रहांवर विसंबून आहेत. वादळाची वर्दी आधी मिळाली, तर त्यांचे रक्षण करता येते.

उद्या पुन्हा पहाटे आपण अर्घ्य देऊ. ओंजळीतून पाणी सुटेल, डोळे मिटतील, हात जुळतील. त्याच वेळी पंधरा लाख किलोमीटरवर 'आदित्य' त्याच तेजाकडे अनिमिष पाहत असेल. एकाने तेजापुढे नम्र व्हावे, दुसऱ्याने ते जाणून घ्यावे. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. ज्याची उपासना करावयाची, त्याला जाणण्याची ओढ हीही उपासनाच होय.