पातूर ते अकोला, अर्धं तिकीट

सी भाषेला 'वय ६५ किंवा जास्त आहे का?' असं विचारा. ती हो-नाही म्हणत नाही, आकडा देते! खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. आकडा हाती आला की त्याची बेरीज करा, त्यानं भागा, कोणी अडवत नाही. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, तेव्हा खऱ्या-खोट्यासाठी वेगळा प्रकारच नव्हता; तो १९९९च्या मानकात आला.

आता पातूरहून अकोल्याला निघालेली एसटी घ्या. हिशेबापुरतं पूर्ण भाडं ६० रुपये धरू. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. एखादा हुशार गडी इफ न वापरता लिहितो: भाडं / (१ + (वय >= ६५)). तरुणाला ६० भागिले १, ज्येष्ठाला ६० भागिले २. काम फत्ते. २०२२मध्ये पंचाहत्तरी गाठलेल्यांचा प्रवास मोफत झाला, तर त्यानं सगळ्याला (वय < ७५) नं गुणलं. शून्यानं गुणलं की तिकीट शून्य. हे देखणं आहे, नाही कशाला म्हणू?

१७ मार्च २०२३पासून महिलांनाही अर्धं तिकीट लागू झालं. गडी कंसात '+ स्त्री' जोडतो. तिशीतल्या बाईंना ३० रुपये, बरोबर. पण ६८ वर्षांच्या आजी चढल्या की भाजक होतो १ + १ + १ आणि तिकीट २० रुपये! सवलत दोनदा लागली. कंपायलर गप्प, कारण व्याकरण चोख आहे. बेरजेऐवजी 'किंवा' घातला की हे सुधारतं, खरंय. पण त्यासाठी चूक आधी दिसायला हवी.

इफ-एल्सनं लिहा: वय ७५ किंवा जास्त, तर शून्य, नाहीतर वय ६५ किंवा जास्त, तर निम्मं, नाहीतर स्त्री, तर निम्मं, नाहीतर पूर्ण. कंडक्टरही मनात हेच करतो. आजी दुसऱ्या पायरीवरच थांबतात, तिसरीपर्यंत जातच नाहीत. नवा नियम आला की एक पायरी वाढते, बाकीच्यांना हात लागत नाही.

ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४मध्ये प्रोग्रामिंगच्या शैलीवर पुस्तक लिहिलं, त्यातही सुरुवातीलाच असली करामत सोलून दाखवली आहे: फोरट्रानमधली, भागाकारातून १ आणि ० काढणारी.

वेगासाठी युक्ती हवी, असं कोणी म्हणेल. आजचे कंपायलर साध्या इफ-एल्सचंही अनेकदा उड्या न मारणाऱ्या यंत्रसंकेतात रूपांतर करतात. पटत नसेल तर दोन्ही तऱ्हा लिहा, ऑप्टिमायझेशन चालू करा आणि निघालेलं असेंब्ली शेजारी-शेजारी ठेवून वाचा.