मॉन्टसेराटचे एक मत

कॅरिबियन समुद्रात अँटिग्वाच्या नैर्ऋत्येस मॉन्टसेराट नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १०२ चौरस किलोमीटर, लोकवस्ती साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखादे मोठे खेडेच. ते स्वतंत्र राष्ट्र नसून ब्रिटनच्या अंमलाखालील प्रदेश आहे. संयुक्त राष्ट्रसंघात त्याला आसन नाही. तथापि फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या सभेत ब्राझीलला जेवढे एक मत, तेवढेच मॉन्टसेराटच्या फुटबॉल असोसिएशनलाही आहे.

याचे कारण असे की, फिफाचे सभासदत्व राष्ट्राला नव्हे, तर तेथील खेळाचे नियमन करणाऱ्या संस्थेला मिळते. परतंत्र प्रदेशातील संस्थेलाही, ज्या देशावर तो प्रदेश अवलंबून असेल तेथील संस्थेच्या संमतीने, प्रवेश मागता येतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद १९३, तर फिफाचे २११.

मॉन्टसेराटला हा मान १९९६ साली मिळाला. परंतु वेळ मोठी विपरीत होती. १८ जुलै १९९५ रोजी सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला होता. २५ जून १९९७ च्या उद्रेकात एकोणीस माणसे दगावली. पुढे प्लिमथ ही राजधानी राखेखाली गेली आणि बेटाचा निम्म्याहून अधिक भाग वस्तीस बंद झाला. दोन-तृतीयांश रहिवासी देशोधडीस लागले. त्यांतील पुष्कळसे ब्रिटनला गेले. संस्था उरली, पण तिचे खेळाडू कोठे होते?

३० जून २००२ रोजी योकोहामा येथे ब्राझील व जर्मनी यांचा अंतिम सामना झाला. त्याच दिवशी क्रमवारीतील अखेरचे दोन संघ थिंफू येथे एकमेकांस भिडले. कोलकात्याच्या वाटेने तेथवर पोहोचलेला मॉन्टसेराटचा संघ भूतानकडून ४-० असा हरला. २००४ साली तर बर्म्युडाने त्याच्यावर तेरा गोल चढविले.

खेळाडूंचा प्रश्न सुटला तो फिफाच्याच एका नियमाच्या आधारे. नुसते ब्रिटिश पारपत्र असून भागत नाही. खेळाडू स्वतः, त्याचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कोणी तरी त्या बेटावर जन्मलेले असावे लागते, किंवा खेळाडूचे तेथे काही वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते. त्यामुळे इंग्लंडमध्ये वाढलेल्या तरुणाला संघात घेताना त्याच्या पायातील कसबाइतकेच आजीच्या जन्मदाखल्यालाही महत्त्व येते! खालच्या श्रेणींतील इंग्रजी क्लबांकडून खेळणारे असे तरुण हळूहळू या संघाचा कणा बनले.

बेटाच्या सुरक्षित उत्तर भागात, लुकआउट वस्तीजवळ, ब्लेक्स इस्टेट येथे फिफाच्या साहाय्याने मैदान उभे राहिले. २०१८-१९ च्या स्पर्धेत एल साल्वाडोरकडून २-१ अशी हार पत्करल्यावर या संघाने बेलिझ, अरूबा आणि केमन बेटे यांना ओळीने हरविले. गोल्ड कप या प्रादेशिक स्पर्धेतील प्रवेश मात्र थोडक्यात हुकला.