चित्र घेतले, पण नक्षी घेतली का?

कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेली संस्था पुढे हिंगण्याच्या माळावर आली आणि त्या भागाला त्यांचेच नाव पडले. आज याच संस्थेचे फॅशन टेक्नॉलॉजीचे कॉलेज आहे. ब्रश आणि पेन्सिल हाती धरणारी मुले-मुली या भागात पुष्कळ दिसतात. त्यांना प्रदर्शन लावायचे तर जवळची जागा म्हणजे कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातले कलादालन. त्यापुढे घोले रोडचे राजा रविवर्मा कलादालन आणि बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन. तिन्ही महापालिकेची आहेत. नातेवाईक येतात, दोस्तमंडळी येतात, चहा होतो. आपले कापडवाले मात्र तिकडे फिरकत नाहीत.

मीही फिरकत नव्हतो. काही वर्षांपूर्वी पावसात सापडलो म्हणून अशाच एका छोट्या दालनात शिरलो. कर्वेनगरच्या एका तरुणाची चित्रे होती. मुठेच्या काठचे गवत त्याने मोहरी आणि हिरव्या रंगाच्या उभ्या रेषांत काढले होते. कापडवाल्याची नजर! मला चित्र दिसलेच नाही, ओढणी दिसली. तीन हजार रुपये मोजले, चित्र घरी नेले आणि दुसऱ्याच आठवड्यात छपाईला दिले. चारशे ओढण्या काढल्या. माल भराभर गेला.

एके दिवशी तो मुलगा हातात ओढणी घेऊन दुकानात आला. म्हणाला, "काका, चित्र तुम्ही विकत घेतलंत. ही ओढणी मी विकली नव्हती." मी आवाज चढवला, पावती दाखवली. तो शांतपणे उभा राहिला. संध्याकाळी ओळखीच्या वकिलांकडे गेलो तेव्हा कळले की मुलगा खरा आणि मी खोटा. गिऱ्हाइकाला पैशापैशाचा हिशेब देणारा माणूस मी, आणि दुसऱ्याची मेहनत फुकटात छापून बसलो होतो. दर ओढणीमागे रक्कम ठरवली, माफी मागितली, कागद केला.

हा कायदा आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घ्यावा. चित्र विकले म्हणजे त्याच्या नकला काढण्याचा हक्क विकला असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे त्याच्या वारसांकडे. हक्क घ्यायचा असेल तर लेखी करार हवा, तोंडी सौदा चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओढण्या दुबईला पाठवणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट विसरू नये.

चित्रकारांनी एक उलटी बाजूही ध्यानात ठेवावी. दुकानदाराने पैसे देऊन "मला असे चित्र काढून दे" म्हटले आणि वेगळे काही ठरले नाही, तर हक्काचा पहिला मालक दुकानदारच होतो. आगाऊ रक्कम हातात पडली की पोरे खूश होतात, कागद कोणी वाचत नाही.

आता आपल्या कारागिरांचे बघा. जरीकाम करणारे, ठसे कोरणारे, छपाई करणारे लोकही अलीकडे अशा दालनांत माल मांडतात. चांगली गोष्ट आहे, दलालाशिवाय गिऱ्हाईक भेटते. पण मालावर चढवण्यासाठी काढलेल्या नक्षीला चित्राइतके संरक्षण नाही. नोंदणी होण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने यंत्रावर पन्नासांहून जास्त नग काढले, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. माझ्या चारशे ओढण्या बिनपरवानगीच्या, म्हणून त्या मुलाचा हक्क तेवढ्यापुरता वाचला, असे वकील हसत म्हणाले. मला काही हसू आले नाही. नेमके चित्र कोणते आणि मालाची नक्षी कोणती, यावर कोर्टात वाद चालतात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टालाही त्यासाठी कसोटी घालून द्यावी लागली.

नोंदणी होते ती २००० च्या डिझाइन कायद्याखाली. एकट्या कारागिराला अर्जाची सरकारी फी एक हजार रुपये आहे. हक्क दहा वर्षे मिळतो, पुढे पाच वर्षे वाढवता येतो. खरी अडचण अशी की नक्षी नवी असावी लागते, आणि लोकांसमोर एकदा मांडली की ती नवी राहत नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांना यात सूट आहे, पण तिथेही आधी कळवावे लागते आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आपल्या मोहल्ल्यातल्या किंवा कोथरूडच्या दालनातल्या तीन दिवसांच्या प्रदर्शनाला अशी अधिसूचना कोण काढणार? म्हणून अर्ज आधी, खिळा नंतर.

माझ्या ओळखीच्या एका जरदोजी कारागिराने अंगरख्याच्या गळ्याची नक्षी तीन महिने बसून तयार केली आणि प्रदर्शनात लावली. पुढच्या हंगामात तीच नक्षी मशीनवर भरून बाजारात आली, त्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्यात. तो सल्ला विचारायला आला तेव्हा अर्जाची वेळ निघून गेली होती. आता तो नवी नक्षी बसवतो आहे. या वेळी फॉर्म भरून होईपर्यंत तिचा फोटो इन्स्टाग्रामवरही टाकू नकोस, असे मी त्याच्या मुलाला सांगून ठेवले आहे.